नाव नसलेल्या दुखण्याचा दावा

४ मार्च १९९१. आखाती युद्ध थांबून चारच दिवस झाले होते. दक्षिण इराकमध्ये, नासिरियापासून जवळ, खमिसिया नावाच्या ठिकाणी शंभरेक बंकरांचा एक अवाढव्य दारूगोळा तळ अमेरिकी फौजेच्या हाती लागला होता. ३७व्या इंजिनिअर बटालियनला हुकूम साधा होता. मागे राहिलेला दारूगोळा पुन्हा सद्दामच्या सैन्याच्या हाती पडू नये, म्हणून तो जागेवरच उडवून द्यायचा. जवानांनी एकेका बंकरमध्ये स्फोटकं लावली, गाड्या मागे घेतल्या आणि ठरल्या वेळी तळ हादरला. एकाने आपल्याजवळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ते चित्रित केलं. वाळवंटाच्या करड्या आकाशात धुराचे लोट चढत होते आणि न फुटलेली रॉकेटं भलतीकडेच भिरभिरत जाऊन पडत होती.

त्या दिवशी उडवलेल्या बंकरांपैकी एकाचा क्रमांक होता ७३. सहा दिवसांनी, १० मार्चला, तळाबाहेरच्या एका खड्ड्यात रचून ठेवलेल्या रॉकेटांच्या पेट्याही उडवण्यात आल्या. बंकर ७३ मधल्या आणि त्या खड्ड्यातल्या रॉकेटांत सारिन आणि सायक्लोसारिन ही मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं भरलेली होती. ज्यांनी ती उडवली त्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ते कळायला त्यांना पाच वर्षं लागणार होती, आणि तोवर त्यांच्यातले बरेच जण आपल्याला नेमकं काय झालंय हे विचारत दवाखान्यांचे उंबरठे झिजवत होते.

आपल्याकडे त्या युद्धाची आठवण वेगळी आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला आणि तिथली सुमारे पावणेदोन लाख भारतीय माणसं अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरली. अनेकांनी वीस-पंचवीस वर्षांचा संसार मागे ठेवला होता. पुढचं युद्ध आपण पाहिलं ते हिरवट पडद्यावरच्या ठिणग्यांच्या रूपात. अमेरिकेच्या लेखी ते फार स्वच्छ युद्ध होतं. सुमारे ६ लाख ९७ हजार सैनिक गेले, जमिनीवरची लढाई १०० तासांत आटोपली, लढाईत मेलेल्यांची संख्या दीडशेच्या आत राहिली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून विजयाची मिरवणूक निघाली. अशा युद्धातून परतलेला माणूस आजारी असूच कसा शकतो, हा प्रश्न पुढची तीस वर्षं सैनिकांच्या वाटेत आडवा पडून राहिला.

पहिल्या तक्रारी १९९२ मध्येच आल्या. इंडियाना राज्यातल्या राखीव दलाचे काही सैनिक सांगू लागले की अंग सतत मोडून येतं, झोपून उठलं तरी थकवा जात नाही, सांधे दुखतात, पुरळ उठतं, केस गळतात, आणि समोरच्याचं नाव ऐन वेळी आठवत नाही. लष्कराच्या डॉक्टरांचं पथक जाऊन तपासून आलं. रक्त ठीक, एक्स-रे ठीक. निष्कर्ष निघाला तो ताणाचा. युद्धावरून घरी परतण्याचा ताण. हे उत्तर नवं नव्हतं. अमेरिकी यादवी युद्धानंतर छाती धडधडणाऱ्या शिपायांबद्दल फिलाडेल्फियाच्या जेकब दा कोस्टांनी १८७१ साली लिहिलं, तेव्हापासून प्रत्येक युद्ध अशी माणसं मागे सोडत आलंय, आणि तपासणीत काही सापडलं नाही की दोष शेवटी शिपायाच्या मनावर येऊन बसतो.

पण या वेळी एक गोष्ट निराळी होती. राखीव दलातली ही माणसं बारा महिने छावणीत राहणारी नव्हती. कोणी शाळेत शिकवत होतं, कोणी टपाल वाटत होतं, कोणी कारखान्यात होतं. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या राज्यांत राहणारी ही माणसं तीच तीच लक्षणं सांगत होती. आखातात गेलेल्यांत सुमारे ४० हजार बायकाही होत्या. पाळीच्या तक्रारी पुढे सरकारी यादीत आल्या, त्या त्यांच्यामुळे.

वाळवंटात या माणसांच्या अंगावर आणि अंगात काय काय गेलं, याची मोजदाद केली तर छाती दडपते. माघार घेताना इराकी सैन्याने पेटवलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी होत्या. शेवटची विहीर विझली ती ६ नोव्हेंबर १९९१ ला. भर दुपारी दिवे लावावे लागावेत असा तो काळोख. रणगाडे फोडणाऱ्या गोळ्यांमधल्या क्षीण युरेनियमची धूळ होती. अँथ्रॅक्सची लस सुमारे दीड लाख जणांना टोचली गेली, आणि ती कसली लस आहे हे गुप्त ठेवायचं म्हणून आरोग्यपत्रिकेत, नोंद झालीच तर, सांकेतिक अक्षरांत झाली. वाळूतल्या माश्यांसाठी आणि डासांसाठी तंबूत, कपड्यांवर, कातडीवर कीटकनाशकं होती. काहींनी तर कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारे पट्टे स्वतःच्या पायांना बांधले होते.

आणि मग ती गोळी. पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइड, ३० मिलिग्रॅम. एका पट्टीत २१ गोळ्या, म्हणजे दर आठ तासांनी एक अशी आठवड्याची बेगमी. ती मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजारावर वापरली जाणारी जुनीच गोळी. सोमन नावाच्या विषारी वायूपासून बचाव म्हणून ती निरोगी माणसाला द्यायची ही गोष्ट तेव्हा प्रायोगिक होती. प्रायोगिक औषध देताना माणसाची संमती घ्यावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर १९९० मध्ये युद्धाच्या निकडीचं कारण देऊन ती अट शिथिल केली. हुकूम झाला की गोळी घ्यायची. सुमारे अडीच लाख सैनिकांनी ती घेतली असा अंदाज आहे. अंदाज म्हणायचं, कारण कोणी किती घेतल्या याची नोंद ठेवलेली नाही.

आता इथे थोडं शरीराच्या आत डोकवावं लागेल, कारण पुढच्या सगळ्या भांडणाची मेख तिथे आहे. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोचतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोचला की एक एन्झाइम लगेच येऊन ते रसायन मोडून टाकतं, म्हणजे स्नायू सैल होतो आणि पुढच्या निरोपाला मोकळा राहतो. सारिन या एन्झाइमला कायमचं जखडतं. मग निरोप थांबतच नाहीत, स्नायू आखडत जातात आणि श्वास बंद पडतो. फवारणीतली काही कीटकनाशकं याच एन्झाइमवर चालतात. आणि बचावाची ती गोळीसुद्धा याच एन्झाइमला धरते, फक्त तात्पुरतं, म्हणजे खरं विष आलंच तर थोडा साठा शाबूत राहावा म्हणून. गोळी, फवारा आणि धूर या तिन्हींची कुऱ्हाड एकाच फांदीवर पडत होती. प्रत्येकाची मात्रा वेगळी धरून ती निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांपैकी, तिन्ही एकाच देहात एकाच आठवड्यात गेली तर काय होतं, हे कोणी आधी तपासून पाहिलेलं नव्हतं.

वॉशिंग्टनमध्ये हा विषय पहिल्यांदा जोरात लावून धरला तो सिनेटच्या बँकिंग समितीने. बँकिंग समितीचा सैनिकांच्या आजाराशी काय संबंध? संबंध असा की इराकला गेलेल्या, नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराच्या मालाचे निर्यात परवाने या समितीच्या अखत्यारीत येत. मिशिगनचे सिनेटर डोनाल्ड रीगल तिचे अध्यक्ष होते. मे १९९४ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात दोन्ही टोकं जोडलेली होती: अमेरिकेतून इराकला काय काय गेलं, आणि रणांगणात विषारी वायूचा इशारा देणारे भोंगे किती वेळा वाजले. चेक प्रजासत्ताकाच्या, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या, तुकडीने जानेवारी १९९१ मध्ये सौदी वाळवंटात सारिनची नोंद केली होती. भोंगे तर हजारो वेळा वाजले होते. प्रत्येक वेळी ते खोटे होते, असं पेंटागॉनचं म्हणणं.

त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९९४ ला, अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. अमेरिकेच्या इतिहासात असा कायदा त्याआधी झालेला नव्हता. आजाराचं निदान झालं नाही तरी सैनिकाला अपंगत्वाची भरपाई मिळेल, असं त्यात होतं. एरवी दाव्याला तीन गोष्टी लागतात: आज आजार आहे, सेवेत काहीतरी घडलं होतं, आणि या दोहोंना जोडणारा डॉक्टरचा दुवा. आखातातल्या सैनिकासाठी दुवा गृहीत धरला गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये नियम आले. त्यात तेरा प्रकारच्या लक्षणांची यादी होती: थकवा, कातडीचे विकार, डोकेदुखी, स्नायू आणि सांध्यांचं दुखणं, झोप न येणं, श्वासाचा त्रास, पोटाच्या तक्रारी वगैरे. लक्षण सहा महिने टिकलेलं हवं, दहा टक्के अपंगत्व भरायला हवं.

मला हा कायदा फार माणुसकीचा वाटतो. वैद्यकाला उत्तर सापडेपर्यंत आजारी माणसाने थांबायचं कशाला, हे संसदेने सरळ कबूल केलं होतं. पण कायदा करणं वेगळं आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने तो राबवणं वेगळं.

दाव्याचं काम कसं चाले, ते पाहा. माजी सैनिकांचं खातं, ज्याला तिकडे सगळे 'व्हीए' म्हणतात, त्याने हे दावे सुरुवातीला फिलाडेल्फिया, लुइव्हिल, नॅशव्हिल आणि फीनिक्स या चार कार्यालयांकडे दिले. सैनिक अर्ज भरायचा. मग तपासणीची तारीख यायची. डॉक्टर वेगवेगळ्या तक्रारींवर वेगवेगळा शेरा लिहायचा. डोकेदुखीला 'अर्धशिशी', पोटाला 'आम्लपित्त', पाठीला 'ताण'. झालं! निदान झालं म्हटल्यावर हा 'निदान न झालेला आजार' उरला नाही, सबब या कायद्याखाली दावा बसत नाही. मग साध्या नियमाने जावं, तर अर्धशिशी सेवेमुळेच जडली याचा पुरावा आणा. आणि डॉक्टरने काहीच नाव दिलं नाही, तर तपासणीत काही आढळलं नाही, म्हणून दावा नामंजूर. नाव मिळालं तरी हरायचं, नाही मिळालं तरी हरायचं. शिवाय अट अशी की लक्षण आखातातून निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत उमटलेलं असलं पाहिजे. तिसऱ्या वर्षी सांधे धरले असतील तर अर्ज तिथेच संपला.

पहिल्या काही वर्षांत निदान न झालेल्या आजाराच्या दर १०० दाव्यांतले ९५ नामंजूर झाले. संसदेची हिशेबतपासणी करणाऱ्या जीएओच्या १९९६च्या अहवालात हा आकडा आहे. नामंजुरीची कारणं म्हणजे बहुतेक वेळा पुरावा अपुरा.

पुरावा कुठून आणायचा होता? सोबतीच्या सैनिकाचं निवेदन जोडता येई. एका कागदावर, स्वतःच्या शब्दांत: आम्ही एकाच तंबूत होतो, याने गोळ्या घेतल्या, परतल्यावर हा जिने चढेनासा झाला. बायको लिहायची, नवरा रात्री तीनला उठून बसतो, मुलीचं नाव विसरतो. पण अधिकाऱ्यासमोर हा कागद आणि आरोग्यपत्रिका अशी तुलना व्हायची, आणि पत्रिकेत गोळीचा उल्लेख नसायचा, लसीचा नसायचा, फवाऱ्याचा तर प्रश्नच नाही. १९९७ मध्ये उघड झालं की आखातातल्या मुख्यालयातल्या रासायनिक-जैविक टेबलाची दैनंदिन नोंदवही सुमारे २०० पानांची होती आणि तिची फक्त ३६ पानं शिल्लक आहेत. नोंदी ज्यांनी ठेवायच्या त्यांनीच त्या हरवल्या, आणि त्या नसल्याची शिक्षा सैनिकाला झाली. हा अन्याय मला बंकरमधल्या त्या विषापेक्षाही जास्त खुपतो, कारण विष शत्रूचं होतं.

बंकर ७३ची गोष्ट बाहेर आली ती याच सुमाराला, आणि तीही योगायोगानेच. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक ऑक्टोबर १९९१ मध्येच खमिसियाला जाऊन आले होते, त्यांना तिथे रासायनिक रॉकेटं दिसली होती. पण तो तळ उडवणारे अमेरिकेचेच जवान होते, हे कोणी जोडून पाहिलं नाही. १९९६ च्या मार्चमध्ये सीआयएच्या विश्लेषकांच्या कानावर एका रेडिओ कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पडलं. त्यात ३७व्या इंजिनिअर बटालियनचा एक माजी सैनिक आपण उडवलेल्या बंकरांचं वर्णन करत होता. नकाशा आणि वर्णन जुळलं. मे महिन्यात निरीक्षक पुन्हा गेले, बंकर ७३ च्या ढिगाऱ्यात त्यांना रासायनिक रॉकेटांचे अवशेष मिळाले. २१ जून १९९६ ला पेंटागॉनने जाहीर केलं की अमेरिकी सैनिक सारिनच्या संपर्कात आले असण्याची शक्यता आहे. पाच वर्षं चाललेला साफ इन्कार त्या एका निवेदनाने संपला. एका आजारी माणसाने रेडिओवर तोंड उघडलं नसतं तर हे कधी बाहेर आलं असतं, कोण जाणे.

मग संपर्कात आलेल्या सैनिकांचे आकडे फुगत गेले. आधी सुमारे ४००, मग ५,०००, मग २०,०००. १९९७ च्या जुलैमध्ये वाऱ्याच्या दिशेचं गणित मांडून जवळजवळ ९९,००० सैनिकांना पत्रं गेली: तुम्ही खमिसियाच्या विषारी ढगाखाली असण्याची शक्यता आहे, मात्र त्यामुळे दीर्घकाळ अपाय होत असल्याचा पुरावा नाही. २००० मध्ये गणित पुन्हा मांडलं. हजारोंना कळवलं गेलं की तुम्ही ढगाखाली नव्हता, आणि दुसऱ्या हजारोंना कळवलं गेलं की तुम्ही होता. तीन वर्षं ज्याने स्वतःच्या दुखण्याला त्या पत्राशी जोडलं, त्याच्या घरी दुसरं पत्र आलं तेव्हा काय झालं असेल! २००४ मध्ये जीएओने स्पष्ट सांगितलं की या गणितावरून कोण ढगाखाली होतं आणि कोण नव्हतं हे खात्रीने ठरवताच येत नाही. एप्रिल १९९७ मध्ये सीआयएनेही मान्य केलं की खमिसियातल्या रासायनिक साठ्याची माहिती युद्धापूर्वीपासून आपल्या कागदांत होती आणि ती फौजेला वेळेत, नीट दिली गेली नाही. रॉबर्ट वॉलपोल यांनी संस्थेच्या वतीने माफी मागितली.

या सगळ्याच्या मध्ये क्लिंटन यांनी नेमलेल्या सल्लागार समितीचा अंतिम अहवाल आला. डॉ. जॉइस लॅशॉफ अध्यक्ष होत्या. खमिसियाच्या तपासावरून पेंटागॉनला त्यांनी धारेवर धरलं, पण आजाराच्या कारणांत ताणाला महत्त्वाची जागा दिली. सैनिकांच्या मनात तेवढंच राहिलं. त्याच महिन्यात, जानेवारी १९९७ मध्ये, डॅलसचे डॉ. रॉबर्ट हेली यांनी नौदलाच्या एका राखीव बांधकाम बटालियनचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणं ठरावीक गटांत पडतात आणि ती मज्जासंस्थेच्या इजेशी जुळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. उद्योगपती रॉस पेरो यांनी या कामाला पैसा दिला होता. बरेच तज्ज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. हेलींनी विषय सोडला नाही.

कायदाही हळूहळू वाकत गेला. १९९७ मध्ये दोन वर्षांची मुदत वाढवली, पुढे ती पुनःपुन्हा वाढत राहिली. डिसेंबर २००१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली: ज्याला नाव आहे पण कारण माहीत नाही, असे बहुलक्षणी आजारही धरायचे. तीव्र थकव्याचा विकार, फायब्रोमायल्जिया, आतड्याचा क्षोभ. नाव मिळालं की हरायचं, हा फास त्यामुळे थोडा सैल झाला. त्याच महिन्यात खात्याचे मंत्री अँथनी प्रिन्सिपी यांनी एएलएस या जीवघेण्या आजाराला आखातातल्या सैनिकांसाठी भरपाई जाहीर केली. तिथे गेलेल्यांत तो न गेलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळला होता. आकडे छापून येण्याची, वर्षानुवर्षांच्या वादविवादाची वाट न बघता त्यांनी निर्णय घेतला. एएलएस झालेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. २००४ मध्ये माजी सैनिकांच्या दाव्यांच्या न्यायालयाने ठरवलं की या कायद्याखाली डॉक्टरचा दुवा मागता येत नाही, आणि दुखतं हे सांगायला दुखणारा माणूस पुरेसा आहे. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी लॉर्ड लॉइड यांच्या चौकशीने तिथल्या सैनिकांच्या बाजूने कौल दिला.

नोव्हेंबर २००८ मध्ये जेम्स बिन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या संशोधन सल्लागार समितीने साडेचारशे पानांच्या आसपासचा अहवाल दिला. आजार खरा आहे. गेलेल्या दर चारांतल्या किमान एकाला तो आहे. ताण हे कारण नाही. पुरावा सर्वांत ठाम आहे तो दोन गोष्टींकडे बोट दाखवणारा: ती गोळी आणि ती कीटकनाशकं. म्हणजे सैनिकाला वाचवायला म्हणून दिलेल्या गोष्टी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण २०१७ मध्ये जीएओने पुन्हा कागद चाळले तेव्हा या आजाराच्या तक्रारींपैकी जेमतेम १७ टक्के मंजूर होत होत्या. इतर तक्रारींत हे प्रमाण त्याच्या तिप्पट होतं. निकालाला सरासरी चार महिने जास्त लागत. आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांपैकी फक्त दहाएक टक्क्यांनी या आजारावरचं दीड तासाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. ऐच्छिक होतं ना ते! तेवीस वर्षं जुना कायदा होता, आणि तो दीड तासात समजावून घेणं कोणावर बंधनकारक नव्हतं.

मे २०२२ मध्ये हेलींचं नवं संशोधन आलं. सारिनसारखी विषं शरीरात मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, पॉन-१ जनुकातून बनणारं. काहींच्या वाट्याला त्याचं कमी ताकदीचं रूप येतं. ५०८ आजारी आणि ५०८ निरोगी माजी सैनिकांची तुलना केल्यावर दिसलं की ज्यांनी वायूचे भोंगे ऐकले आणि ज्यांचं हे एन्झाइम दुबळं होतं, त्यांच्यात आजार सर्वांत जास्त होता. एकाच तंबूतला एक आजारी पडला आणि दुसरा ठणठणीत राहिला, तो ढोंगी किंवा मनाने कच्चा होता म्हणून नव्हे. खोटे ठरवलेले ते भोंगे एकतीस वर्षांनी पुराव्यात आले.

त्याच वर्षी १० ऑगस्टला अध्यक्ष जो बायडेन यांनी पॅक्ट कायद्यावर सही केली. तो मुख्यतः इराक-अफगाणिस्तानातल्या कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुराने आजारी पडलेल्यांसाठी होता. पण त्यातल्या एका कलमाने आखातातल्या जुन्या सैनिकांची मुदतीची अट काढून टाकली आणि दहा टक्क्यांचीही. लक्षण केव्हाही उमटो, कितीही असो. १९९१ मध्ये पंचविशीत असलेली माणसं तोवर साठीकडे झुकली होती. त्यांच्यातल्या काहींचे अर्ज तिसऱ्या-चौथ्यांदा गेले. काहींचे, त्यांच्या मागे, बायकोने लिहिले.

१ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या रोगसूचीत एक नवी ओळ आली आहे: टी ७५.८३०, आखाती युद्धाचा आजार. आता डॉक्टरला शेरा लिहिताना अर्धशिशी, आम्लपित्त आणि पाठीचा ताण असे तुकडे करावे लागणार नाहीत. चौतीस वर्षं त्या रकान्यात काही लिहायला जागाच नव्हती.